दुसरा बॅज

दर अकरा महिन्यांनी कंपनी मला एका दिवसासाठी कामावरून काढते. त्याला ब्रेक म्हणतात. सलग नोकरी झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून मध्ये एक दिवसाची फट ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी नवा करार. माझ्या तीन वर्षांच्या ठमीला एवढंच कळतं, की आज आई घरी आहे. सकाळपासून ती मला सोडत नव्हती. न्हाणीत गेले तरी बाहेर बसून राहायची, आणि आतून 'ओ' आली नाही की दार बडवायची.

मी एक्स-रे काढते. दवाखाना खाजगी, आम्ही ठेकेदार कंपनीची माणसं, पगार चांगला. टेबलावर मात्र दुसरं पत्र पडलं होतं. सरकारी दवाखान्यात कायमची जागा, पगार निम्म्याहून कमी. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता.

"यात विचार कसला करायचा?" सासूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "कायमची ती कायमची. तुझ्या सासऱ्यांना कोणी एका दिवसासाठीही बेकार केलं नाही कधी."

"बाबांना निवृत्त होईपर्यंत डोक्यावर पंखासुद्धा दिला नव्हता, आई," नवरा म्हणाला. त्याचं छपाईचं दुकान बंद पडून पाच महिने झाले होते. विनोद तेवढे नेमाने चालू होते.

विचार असा, की मला दुसरा महिना होता. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कायमच्या नोकरीत आधी तपासणी होते. पोटात बाळ असेल तर जागा राखून ठेवतात, पण रुजू व्हायचं बाळंतपणानंतर, आणि पगारही तेव्हापासून. म्हणजे आठ-नऊ महिने घरात छदाम नाही. करारातला पगार उद्यापासून चालू. फक्त कराराच्या फॉर्ममध्ये एक ओळ असते, 'सध्या गरोदर आहे: हो / नाही'. 'हो' म्हणणारी बाई ब्रेकवरून परत आलेली मी पाहिलेली नाही.

"तीन महिने काढ," नवरा स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "शिशाचा एप्रन असतोच ना अंगावर? तोवर माझं होईल काहीतरी."

"आणि नाही झालं तर?"

"हे बोलताना मला बरं वाटतंय का गं?"

तो नळ सोडून उभा राहिला. हातात धुवायला काहीच नव्हतं.

दुपारी काका आले. आमच्या एक्स-रेच्या खोलीतले सगळ्यात जुने, चौदा वर्षं करारावर. "नोकरी टेंपररी, पांढरे केस तेवढे पर्मनंट," असं दारातच म्हणत आत आले. नवा करार आणि नवा बॅज त्यांच्याबरोबर धाडला होता. बॅज म्हणजे अंगावर किरणं किती पडली ते मोजणारी एवढीशी डबी, छातीशी लावतो आम्ही. ठमीने तो लगेच स्वतःच्या फ्रॉकला लावून घेतला.

मी पेन उचललं. त्या ओळीपाशी आले आणि 'नाही'वर खूण केली. वाण्याच्या यादीवर करावी तशी झाली खूण.

मग विचारलं, "काका, आणखी एक बॅज मिळेल का? रजिस्टरात न लिहिता?"

मला वाटलं, मी सहजच विचारलं. काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आमच्याकडे दुसरा बॅज एकाच कारणासाठी देतात. तो एप्रनच्या आतून, पोटावर लावायचा असतो. काकांची नजर तिथे गेली, आणि तिच्यामागून सासूबाईंचीही.

"कितवा?"

"दुसरा."

"अगं पोरी, बॅज मोजतो. अडवत नाही."

"एप्रन अडवतो ना?"

"पुष्कळ अडवतो. पण हातपाय झाडणारी पोरं धरायला, म्हातारे आवरायला मशीन चालू असताना आत कोण थांबतं? तूच ना? आता मला कळलंय. तोंड उघडलं तर तुझी नोकरी घालवली मी. नाही उघडलं तर रोज तुझ्यामागे त्या खोलीचं दार लावणारा मीच."

नवरा दारात येऊन उभा होता. "अगं, नऊ महिने..." एवढंच म्हणाला.

मी 'नाही' खोडलं. 'हो'वर खूण केली आणि शेजारी सही केली.

काकांनी कागदाची घडी घातली. "उद्या दहापर्यंत हा माझ्या पिशवीतच राहील. मन बदललं तर फोन कर, कोरा फॉर्म आहे माझ्याकडे."

चांगुलपणानेच म्हणाले ते.

"नको काका. आत्ता जाताजाता देऊन टाका. तुमच्या पिशवीत राहिला, तर मी फोन करेन."

त्यांनी ठमीच्या फ्रॉकचा बॅज काढून घेतला. ती रडायला लागली. तिला कडेवर घेऊन मी दार लावलं आणि जिन्यावरची त्यांची पावलं संपेपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिले. नवरा समोरच होता. त्या अरुंद जागेत दोघांपैकी कुणालाच बाजूला होता येत नव्हतं.