हलका चाप

"हा चाप बघ. काचेची काडी मोडावी तसा तुटतो," रॉस्को म्हणाला. त्याने रायफलचा बोल्ट मागे ओढला, आत गोळी नाही ना म्हणून डोकावला, डॅडींना डोकावू दिलं आणि मग ती त्यांच्या हातात दिली. डॅडींनी पुन्हा स्वतः बघितलं, वर करंगळी आत घालून चाचपलं. समोरच्याने आत्ताच बघितलेलं आपण परत बघायचं आणि त्याने त्याचा राग मानायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बंदुकीच्या बाबतीत विश्वास न ठेवणं हाच शिष्टाचार.

"आणि तो दुसरा?" डॅडींनी विचारलं.

"तो दोन टप्प्यांचा. आधी नुसताच मऊ मागे येतो, मग भिंत लागते. भिंतीला टेकून थांबायचं, नेम धरायचा आणि मग जरासं दाबायचं. म्हाताऱ्यांना बरा पडतो."

"म्हातारा तुझा बाप."

"होता खरा. वारला बिचारा."

काउंटरला टेकून उभा असलेला लॉनी खो खो हसला. लॉनी डॅडींचा शाळेपासूनचा दोस्त. फाटक्या तोंडाचा. नेमबाजीच्या क्लबाच्या सामन्यात दोघं एकाच तुकडीत असतात आणि डॅडींची गोळी चुकली की टाळी पहिली लॉनीची वाजते. दुकान रॉस्कोचं, आणि क्लबात नियम राखणाराही रॉस्कोच. ओहायोच्या आमच्या कोपऱ्यात माणसं मोजकी, त्यामुळे एकेकाच्या डोक्यावर दोन-दोन टोप्या.

मी आयव्हीला कडेवर घेऊन मागे उभी होते. दोन वर्षांचं पोर घेऊन बंदुकीच्या दुकानात कशाला जायचं, असं माझा नवरा म्हणाला होता. पण डॅडींनी फोन करून "येतेस का, बेथ?" असं विचारलं, तसं ते कधी विचारत नाहीत. शिवाय चापांबद्दल वाचून मीच ठेवलं होतं. कुठला चाप किती वजनाला सुटतो, कुठला घाण धरतो, कुठला थंडीत अडकतो, सगळं. मला कुठलीही गोष्ट घरात यायच्या आधी वाचून काढावी लागते. पाळण्याचे स्क्रूसुद्धा.

डॅडींच्या रायफलला कारखान्यातून आलेलाच चाप होता. "वाळूतून फावडं ओढल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे, "कुठे सुटतो तेच कळत नाही." हिवाळ्यापासून त्यांचे नेम ढळायला लागले होते. तुकडीत शेवटचा नंबर. आई गेली, मग बाजारातलं मटणाचं काउंटर सुटलं. तिथे त्यांनी आयुष्यभर मांस कापलं होतं. आता महिन्यातला सामन्याचा हा एक शनिवार उरला होता. तोही गेला असता, तर कुणाला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नसतं. म्हणून नवा चाप.

डॅडी रॉस्कोशी बोलत होते. रायफल अजून खांद्याला लागली नव्हती, तोंड जमिनीकडे होतं. तेवढ्यात मला दिसलं. त्यांची तर्जनी चापावर टेकली होती.

नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, बंदुकीच्या अंगावर सरळ. हे आमच्याकडे पोरं दात पडायच्या वयात शिकतात. मला डॅडींनीच शिकवलं होतं, लाकडी फळीच्या बंदुकीवर, चुकलं की टपली मारून.

"डॅडी, बोट," मी म्हणाले.

"काय बोट?"

"चापावर आहे."

"कुठाय?" असं म्हणून त्यांनी खाली बघितलं.

त्यांना बघावं लागलं. बघेपर्यंत स्वतःचं बोट कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात कितीतरी गोष्टी जुळल्या. आयव्हीच्या अंघोळीचं पाणी ते कोपराने बघायचे. मला वाटायचं, जुन्या माणसांची पद्धत. शर्टाची वरची गुंडी हल्ली उघडीच असायची. शीतगृहातल्या मांसात वर्षानुवर्षं घातलेली ती बोटं कधीतरी गुपचूप बधिर होऊन झोपी गेली होती.

डॅडींनी बोट उचललं आणि रायफलच्या अंगावर ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"रिकामीच आहे ती," रॉस्को हळूच म्हणाला. लॉनी बाजूला टांगलेलं पुसायच्या फडक्याचं पाकीट वाचायला लागला. एरवी लॉनी काहीही वाचत नाही.

"वर्लिन, माझं ऐक," रॉस्को डॅडींना म्हणाला, "दोन टप्प्यांचाच घे. थोडा जडच असू दे."

"काचेचा दे मला. आहे त्यातला सगळ्यात हलका."

"डॅडी..."

"ही काय, रॉस्को," डॅडी मोठ्याने म्हणाले, "घशात अडकेल म्हणून द्राक्षाचेसुद्धा चार तुकडे करते. आणि नातीला नाही, मला भरवायला!"

तिघंही हसले. सुटल्यासारखे हसले. मीही हसले, कारण मी हसले नसते तर त्या बोटाचा विषय परत काउंटरवर आला असता.

बाहेर येऊन मी गाडीतल्या सीटवर आयव्हीचा पट्टा आवळत होते. नेहमीसारखा दोनदा ओढून बघितला. डॅडी त्यांच्या ट्रकपाशी न जाता माझ्या गाडीजवळ उभे राहिले.

"चारचौघांत बोलायची गरज होती?"

"चारचौघांतच दिसलं ना, डॅडी."

"तुझ्या आईलाही पुष्कळ दिसायचं. ती घरी येऊन सांगायची."

"डॉक्टरांना दाखवू या का एकदा?"

"बोटं झोपतात कधीकधी. उठतात परत." आणि मग माझ्याकडे न बघता, "रॉस्कोसमोर, बेथ. निदान रॉस्कोसमोर तरी नको होतं."

मी म्हणाले, "चुकलं माझं." चुकलं नव्हतं, तरी म्हणाले. त्यांना हातातला चापाचा खोका असा घट्ट धरून उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं. आणि रस्ताभर मला लाज वाटत राहिली. भर दुकानात मी माझ्या बापाचा शर्ट उतरवला होता आणि आत काय आहे ते सगळ्यांना दाखवलं होतं.

चाप त्यांनी स्वतःच बसवला, त्यांच्या गॅरेजात. मी आयव्हीला घेऊन दूर, कुंपणाशी थांबले होते. बऱ्याच वेळाने ते दारात आले, तोंडभर हसत. "बेथ! लोण्यात सुरी गं, लोण्यात सुरी!" इतके खूश मी त्यांना आईच्या माघारी पाहिलं नव्हतं. मी हात हलवला. वाटलं, कदाचित मलाच सगळीकडे विंचू दिसतात.

त्या शनिवारी मी सामन्याला गेले. एरवी जात नाही. आयव्हीच्या कानांवर आवाज अडवणारे गुलाबी कर्णटोप चढवले आणि दोरीच्या मागे, सगळ्यांच्या मागे उभी राहिले. लॉनीने लांबूनच हाक मारली, "इन्स्पेक्टर बाई आल्या रे! बोटं सांभाळा!" डॅडींनी हसून टोपी सारखी केली.

लाकडी चौकटीच्या एका खिडकीतून गोळ्या झाडायच्या आणि चार पावलं चालून दुसऱ्या खिडकीशी जायचं, एवढाच खेळ. पहिल्या खिडकीतून डॅडींनी झाडल्या आणि एकही चुकली नाही. लोखंडी थाळ्या एकामागून एक वाजल्या. लॉनीने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. डॅडी वळले, दुसऱ्या खिडकीकडे निघाले.

आणि मधेच एक बार उडाला. त्यांच्या पुढ्यातल्या मातीतून धुळीचा छोटा फवारा वर आला.

कुणाला काही झालं नाही. गोळी जमिनीत गेली, रायफलचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच होतं. ती शिस्त डॅडींच्या हाडात होती. पण मी विसरणार नाही ते पुढचं. डॅडी थांबले आणि त्यांनी उजवीकडे बघितलं, मग मागे बघितलं. ओळीत उभ्या असलेल्या माणसांकडे, कपाळाला आठी घालून. कोण झाडतंय, असं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

मग त्यांना कळलं.

"थांब," रॉस्को म्हणाला. हे शब्द ठरलेले असतात, कुणासाठीही तेच. "गोळ्या काढ. रिकामी दाखव." डॅडींनी बोल्ट ओढून धरला. रॉस्को आत डोकावला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ डोकावून राहिला. त्याला मान वर करायची नव्हती.

असं झालं की त्या दिवसापुरता माणूस बाद. इंग्रजीत त्या बाद होण्याची दोन अक्षरं आहेत, डी आणि क्यू, आणि हमरस्त्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानाची अक्षरंही तीच. म्हणून आमच्या क्लबाचा रिवाज असा की बाद झालेल्याने तिथे जाऊन बसायचं. सामना संपला की तुकडी येते, त्याच्या पैशाने आइस्क्रीम खाते आणि खाता खाता चेष्टा करून त्याची सालटी काढते. लॉनी एकदा बाद झाला होता, तर त्याला वर्षभर कुणी नावाने हाक मारली नव्हती. 'व्हॅनिला' म्हणायचे. आणि हे नाव डॅडींनीच ठेवलेलं.

ट्रक डॅडींनी स्वतः चालवला. मी आयव्हीला घेऊन मागोमाग गेले. दुकानात आम्ही खिडकीजवळ बसलो. त्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही. "येऊ दे सगळ्यांना," म्हणाले, "आज फाडून खातील मला." त्यांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्यावर रागवून मी तो घेतला."

"माहितेय."

"चापाचा दोष नाही हं. चाप आपणहून सुटत नसतो."

"हो, डॅडी."

"तुला दिसलं होतं."

माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते खरेपण तोंडात धरून बसवेना. मी आयव्हीची हनुवटी पुसली. तिच्या हनुवटीला काही लागलेलं नव्हतं.

ट्रक एकेक करून आले. दार उघडलं, आणि मी डॅडींना पाठ ताठ करताना पाहिलं. मार खायला तयार झालेल्या पोरासारखे, पण आतून जरासे खूशही. रॉस्को आला, पाठोपाठ लॉनी, मग बाकीचे. ते आमच्याकडे आले नाहीत. आधी काउंटरशी गेले. प्रत्येकाने आपापलं मागितलं आणि आपापले पैसे दिले.

"अरे ए," डॅडी पाकीट उंच धरून उठले, "आज माझ्यावर आहे! रिवाज आहे की नाही?"

"असू दे, वर्लिन," रॉस्को म्हणाला. "बस तू."

ते येऊन आमच्याभोवती बसले. चमच्यांचे आवाज होऊ लागले. कुणीतरी म्हणालं, यंदा मका उशिरा पेरावा लागणार. कुणीतरी आयव्हीचं कौतुक केलं. रॉस्को म्हणाला, "कुणाचंही होऊ शकतं."

डॅडी एकेका चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी लॉनीकडे वळले. "बोल की रे काहीतरी, व्हॅनिला. तोंड शिवलंय का?"

लॉनीने तोंड उघडलं. माझी खात्री आहे, जिभेवर काहीतरी होतं. पण त्याने ते गिळलं, आणि त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात विचारलं, "तुला घरी सोडू का, वर्लिन? ट्रक मग आणून देईन मी."

ट्रक समोरच उभा होता. किल्ली डॅडींच्या हातात होती.

"नको," डॅडी म्हणाले. त्यांनी किल्लीकडे बघितलं, आणि बघूनच ती मुठीत नीट धरली.