कोठीतलं घंगाळ

माणसानं काहीही करावं, पण हुलसूरजवळच्या आमच्या कोठीतल्या संग्रहालयात नोकरी करू नये. कुण्या जहागीरदारानं गोऱ्या साहेबांचे बंगले बघून ही उंच, गोल, पांढऱ्या खांबांची कोठी उठवली. आता तिच्यात गावोगावच्या जुन्या वस्तू आहेत आणि त्यांच्या देखरेखीला मी, प्रेरणा, कंत्राटावर. दान दिलेली वस्तू परत मागायची नसते, हे मात्र एकाही देणाऱ्याला पटत नाही.

गावातल्या राजूबाईंनी घरचं तांब्याचं घंगाळ दिलं. पण गल्लीत लग्न निघालं की हळदीच्या पाण्याला तेच लागतं. त्या मागायला आल्या, मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्या दारातच बसल्या. "त्याच्याबिगर आमच्याकडं हळद लागली न्हाई कधी. परवा सकाळी आणून ठिवते." मी वैतागून पेटीचं कुलूप काढलं. चूक माझीच.

परवा नेमकी तपासणी होती. तपासणीच्या साहेबांनी सही केली तरच माझं कंत्राट वाढणार होतं. साहेब आले तेव्हा काचेची पेटी रिकामी, आणि त्यांच्या मागोमाग राजूबाई, डोक्यावर घंगाळ. चिंचेनं घासून लख्ख केलेलं. शंभर वर्षांचा काळा रंग साफ गेला. शिवाय आत पसाभर ज्वारी, कारण मागून नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. मी कपाळाला हात लावला.

साहेबांनी काठ वाचला. ठोकलेल्या ताज्या ठिपक्यांत लिहिलं होतं: प्रेरणा रामराव, म्युझियम.

"हे काय?"

"लग्नात चार घरची भांडी येत्यात, साहेब. अदलाबदल हुती," राजूबाई म्हणाल्या. "आता भांडं ह्या बाईचं. मग नाव तिचंच घालायला नको व्हय?"

साहेब माझ्यावर कडाडले. "सरकारी वस्तूवर स्वतःचं नाव! आजच घासून काढा, तरच सही करतो."

डोकं फिरलं माझं. राजूबाईंवर, साहेबांवर, स्वतःवरही. राजूबाईंच्याच सासरच्या दारात माझी आजी चांगुणाबाई ओंजळ धरून उभी राहायची आणि पाणी वरून ओतलं जायचं. त्या घरच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. हे राजूबाईंना आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाच जास्त राग आला.

"नाव राहील," मी म्हटलं. "सही नका करू."

साहेब तरातरा निघून गेले. राजूबाई घाबरून काठावरून बोट फिरवायला लागल्या.

"कामून चिडायलाव बाई? नाव चुकलंय का?"