आठ वाजताचा सूर्यास्त

सुपाचा चमचा बाबांच्या ओठांना टेकला आणि समोरच्या माशांच्या टाकीत सूर्य मावळायला लागला. पांढरा उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस, मग सगळं पाणी शाईसारखं निळं झालं आणि विझलं. बाबांनी तोंड मिटून घेतलं. सूप हनुवटीवरून छातीवरच्या फडक्यावर ओघळलं.

"घ्या," ताई म्हणाली. "साहेबांनी दुकान बंद केलं."

साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो विमानाने जावं लागेल इतक्या लांबच्या शहरात राहायचा आणि बाबांच्या टाकीत दिवस कधी उगवणार नि कधी मावळणार हे तिथे बसून, फोनवर बोट फिरवून ठरवायचा. गेल्या महिन्यात रजा काढून आला तेव्हा तो टाकीसाठी नवा दिवा घेऊन आला होता. पातळ, काळा, पट्टीएवढा. त्यात पहाट होती, दुपार होती, संध्याकाळ होती, हवं तर चांदणंही होतं. फक्त चालू-बंद करायचं बटण नव्हतं. ते सगळं ॲपमध्ये. त्याने तो दिवा बसवला, टाकीवरचं जुनं झाकण माळ्यावर टाकलं, बाबांबरोबर फोटो काढले आणि परत गेला.

जुनं झाकण बाबांनी स्वतः केलेलं होतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, जन्मभर. लिफ्ट कंपनीच्या कारखान्यात उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं झाकण वाकवून, रिबिटा मारून त्यांनी त्यात दोन ट्यूब, चोक आणि स्टार्टर बसवले होते. ते सारखं गुणगुणायचं. अलीकडे ट्यूबची टोकं काळी पडली होती आणि पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या यायच्या. भावाने पत्र्याला टेस्टर लावला तेव्हा टेस्टरचा दिवा चक्क पेटला. हे एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, तो म्हणाला. ताईला त्याचा खरा राग आला तो तिथेच, कारण त्याचं बरोबर होतं. चुकणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तिने हात पुसले आणि त्याला फोन लावला. दिवा दहापर्यंत ठेव, तिने सांगितलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या यंत्रात फिरवून, चाचण्या लावून घरी यायला तिला साडेसात व्हायचे. मग बाबांना भरवायचं, स्वतः खायचं, आणि ते सगळं टाकीसमोर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा हा शांतपणाच तिच्या डोक्यात जायचा. टाकीतल्या झाडांना आणि माशांना किती तास उजेड लागतो, जास्त दिला तर शेवाळ कसं माजतं, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तेही बरोबरच होतं.

"तू वाचलंयस सगळं," ती म्हणाली. "बसतं कोण त्या टाकीसमोर?"

"बाबा बसतात. आणि त्यांना आवडलाय नवा दिवा. मी विचारलंय त्यांना."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

ताईने फोन कानापासून लांब धरला. मग भाऊ म्हणाला, तुला पासवर्ड पाठवतो, ॲप तूही घे, काय हवं ते कर. ती म्हणाली, माझ्या घरातला दिवा लावायला मी तुझ्या ॲपच्या दारात उभी राहणार नाही. हा हट्ट होता, हे तिला कळत होतं. तरी तिने ॲप घेतलं नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शिल्लक राहिला तो एकच शब्द. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना कळतं बरंच, पण तोंडातून येईल ते एवढंच. तो शब्द "हो" असावा याच्यासारखी थट्टा नव्हती. बाबांची सगळी ओळख "नाही" ही होती. चार माणसांच्या लिफ्टमध्ये पाचवा चढला की ते लिफ्ट बंद करून जिन्यात बसायचे. कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं तरी लिफ्टचा झिजलेला दोर चालेल अशी सही केली नाही म्हणून दोनदा बदली झाली. सहलीला जाऊ का, नाही. केस कापू का, नाही. दोन्ही मुलं त्या "नाही"वर वाढली, त्याच्याशी भांडत मोठी झाली. आता त्याच तोंडातून दिवसभर हो, हो, हो.

दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, "बाबा, जुनाच दिवा बरा होता ना?"

"हो," बाबा म्हणाले.

तिने ते तत्काळ भावाला कळवलं. त्याने रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पुन्हा विचारलं, पुन्हा हो मिळवलं आणि तिला ऐकवलं. मग तिने विचारलं. बाबांचं एकेक "हो" दोघं आपापल्या खिशात घालत होते. ह्यात दिवसा बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींना तिने मध्ये ओढलं. तुम्ही सांगा, म्हणाली, ते कुठल्या दिव्याला हो म्हणतात.

मावशी चादरीची घडी घालत होत्या. "मला नका विचारू बाई. परवा मी त्यांना म्हटलं, आजोबा, मी तुमची सासू का? हो म्हणाले."

ताईला हसू आलं. मग त्याचाही राग आला.

ते प्रकरण तसंच धुमसत राहिलं असतं. पण गुरुवारी दुपारी मावशींचा लॅबमध्ये फोन आला. बाबा खुर्चीतून पडता पडता वाचले होते. भर दुपारी टाकीतला दिवा अचानक विझला, पेटला, पुन्हा विझला, पुन्हा पेटला. मासे बिथरून काचांवर आदळायला लागले. बाबा धडपडून पुढे झुकले, डावा हात टाकीकडे पुढे करून. मावशी स्वयंपाकघरातून धावल्या म्हणून बरं, नाहीतर कपाळ थेट टाकीच्या कोपऱ्यावर गेलं असतं. मोठा एंजल मासा मात्र तळाशी आडवा पडला होता.

ताई रजा टाकून घरी आली. बाबांचं सगळं अंग चाचपून पाहिलं. मासा जाळीने काढला. मग भावाला फोन केला.

त्याने लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. मीटिंगमध्ये बसलो होतो, म्हणाला, बाबांची आठवण आली. आठवण आली की मी दोनदा लुकलुकवतो. त्यांना कळतं मी आहे ते. मागे मी विचारलं होतं, बाबा, मी दिवा लुकलुकवला की कळतं ना तुम्हाला, तर...

"हो म्हणाले," ताई म्हणाली.

तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"ऐक. आठवण आली की तिकीट काढायचं. बाबांच्या अंगावर वीज पाडायची नाही."

तिने फोन ठेवला आणि नवा दिवा टाकीवरून उपटून काढला. टाकी तीन दिवस खिडकीतल्या उजेडावर राहिली.

तेवढ्या वेळात तिने विचार केला तो रागातच, पण सरळ केला. नवा दिवा परत बसवायचा नाही, हे नक्की. जुनं झाकण होतं तसं लावणं म्हणजे भावाचं म्हणणं खोटं पाडायला बाबांच्या टाकीत करंट सोडणं. दुकानात जाऊन तिसराच दिवा आणावा, तर तो कुठलाही आणला तरी उद्या पुन्हा तोच प्रश्न, हा बाबांना आवडतो कशावरून. शेवटी तिने दुकानातून पाणी न शिरणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या आणि एक ॲडाप्टर आणला, आणि रविवारी सकाळी जुनं झाकण माळ्यावरून उतरवून जेवणाच्या टेबलावर उलटं ठेवलं. बाबांची खुर्ची तिने टेबलाजवळ ओढली.

झाकण उघडता उघडत नव्हतं. बाबांनी स्क्रू वापरलेच नव्हते. एकेक रिबीट ड्रिलने काढावी लागली आणि प्रत्येक रिबिटीबरोबर ती पुटपुटत होती. कुणी उघडू नये असंच करायचं सगळं. दुसऱ्याला हात लावायला नको. चोक निघाला तो दगडासारखा जड होता. होल्डरचं प्लॅस्टिक हातात घेताच त्याचा भुगा झाला. सगळ्या वायरी काढल्या, पत्रा घासून पुसला, तेव्हा आतल्या बाजूला बाबांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघा दिसल्या. पट्ट्या तिने त्या रेघांवरच चिकटवल्या, कारण त्या सरळ होत्या. चिकटवताना ॲल्युमिनियम उष्णता शोषून घेईल, पट्ट्या टिकतील, असा हिशेब केला आणि ह्या बाबतीत म्हाताऱ्याने पत्रा बरा निवडला, असंही मनात आलं.

राहिलं बटण. ॲडाप्टर भिंतीपाशी, त्यापुढे बारा व्होल्टची वायर. तिच्यावर कुठेही बटण बसवलं तरी धोका नव्हता.

"बाबा, बटण भिंतीवर लावू?"

"हो."

"की टाकीच्या कडेला?"

"हो."

"खिडकीतून फेकून देऊ?"

"हो."

ताईने पकड टेबलावर आपटली. "एकदा तरी नाही म्हणा ना, बाबा. जन्मभर म्हणालात. मला म्हणालात, आईला म्हणालात, जगाला म्हणालात. आता एकदा म्हणा."

बाबांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. कपाळावर शीर उठली. ओठ आत ओढले गेले, जबडा थरथरला, आणि बऱ्याच कष्टाने जे बाहेर आलं ते "हो" होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला ती नजर सहन झाली नाही. तिने खाली पाहिलं, वायर आणखी लांब कापली आणि बटण बाबांच्या खुर्चीच्या डाव्या हातावर, अंगठ्याखाली येईल असं, टेपने घट्ट बांधलं.

संध्याकाळी झाकण टाकीवर चढलं. बाबांनी अंगठा दाबला. उजेड पडला. मासे दचकले, मग सावरले. जुन्या झाकणातून आता काही आवाज येत नव्हता, आणि बाबा कान देऊन बसल्यासारखे दिसत होते.

आठच्या सुमाराला भावाचा व्हिडिओ कॉल आला. दिवा गुरुवारपासून ॲपवर दिसत नाही, तो म्हणाला, आणि मग कॅमेऱ्यात झाकण पाहून त्याचा आवाज चढला. निदान मला विचारायचंस. तो पत्रा पुन्हा पाण्यावर. तिने वायर कशी बदलली, काय काढून टाकलं, सगळं सांगितलं. चांगलं केलंयस, तो नाइलाजाने म्हणाला, पण टायमर? टायमर लाव. बाबांना नियमित उजेड लागतो. ती म्हणाली, बाबांना की माशांना, ते आधी ठरव. तो म्हणाला, ताई, मीही मुलगाच आहे त्यांचा. ती म्हणाली, मग ये आणि भरव त्यांना. दोघांचे आवाज वाढत गेले. मग त्याने नेहमीचंच केलं.

"बाबा, तुम्हीच सांगा. टायमर लावायचा ना?"

"त्यांना कशाला विचारतोस?" ताई म्हणाली. "बाबा, असाच बरा आहे ना? मी केलाय तो?"

बाबांनी फोनकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी तोंड उघडलं नाही. खुर्चीच्या हातावर बारीक टक् झालं आणि टाकीत काळोख झाला.

"काय झालं?" भाऊ म्हणाला. "वीज गेली का?"

ताईचा हात बटणाकडे गेला. दिवसभर राबून केलेला तिचा दिवा होता तो. बाबांनी बोटं मिटून बटण मुठीत घेतलं. मूठ म्हाताऱ्याची होती, पण पक्की होती. तिने हात मागे घेतला.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "वीज आहे."

भावाने फोन बंद केला नाही. टाकीच्या काळ्या काचेमागे मासे कुठेतरी स्थिर झाले असावेत. बाबा ताठ बसून समोरच्या काळोखाकडे पाहत होते, आणि अंगठा बटणावर होता.