न जोडलेला नॉब

"अजून मंदच आहे," लंब्या म्हणाला आणि त्याने डबी टेबलावर ठेवली. "पांघरुणाखालून वाजवल्यासारखं वाटतं. जरा धार आण रे, मीटर."

मीटरने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि डबीचे स्क्रू काढायला घेतले. विजेची मीटरं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून हे नाव पडलं होतं. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा म्हणून तो घरीच गिटारची पेडलं बनवायला लागला. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे जोडायची, पायाने दाबायची पत्र्याची डबी. दाबली की आवाजाचा पोत बदलतो. बाजारात तयार मिळते, पण लंब्याला मीटरच्या हातचीच हवी असे. दोघं एका बाकावर बसून मास्तरांचा मार खाल्लेले. लंब्याने पुढे कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं राहून उमेदीची वर्षं काढली, आणि दर शनिवारी संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये बँडबरोबर गिटार वाजवली. बायको गेल्यावर तर त्याच्याकडे शनिवार तेवढा उरला होता. बाकीचे वार नुसते येत आणि जात.

धार आणायची ही मागणी काही पहिली नव्हती. मीटर दर वेळी आतला एखादा भाग बदलून आवाज आणखी तीक्ष्ण करी, नव्या सांध्याला कथलाचा डाग देई. लंब्या खूश होऊन जाई आणि थोड्या दिवसांनी पुन्हा दारात हजर. आता तर डबी लावून वाजवलं की मीटरची बायको स्वयंपाकघराचं दार लोटून घेई. आजही लंब्याची पाठ वळल्यावर तिने विचारलंच, "अहो, भावोजी गिटार वाजवतात की सुरीला धार लावतात?"

मीटर हसला. पण संध्याकाळी रस्त्यात हॉलमधला ड्रमवाला भेटला आणि त्याचं हसू मावळलं. माणूस आदबीचा होता, इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर आला. काकांची गिटार कानात सुई घातल्यासारखी लागते. लोक स्पीकरजवळची टेबलं सोडून उठतात. मालक दुसरा गिटारवाला बघतोय. काकांच्या तोंडावर सांगायला मात्र कुणी धजत नाही.

मीटर तिथेच फुटपाथवर थांबला. डबी मंद नव्हतीच. प्रेसच्या दणदणाटाने लंब्याच्या कानातले बारीक आवाज एकेक करून उचलून नेले होते, आणि तो दोष देत होता डबीला. आणि आपण काय केलं? सगळा जन्म बिघडलेली मीटरं ओळखण्यात घालवला, आणि इथे बिघाड कुठे आहे ते न बघता नुसता आकडा जुळवत बसलो.

सांगायला हवं होतं. तो लंब्याच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला, तेव्हा लंब्याने चहा पाजला, आणि चहाबरोबर शब्दही पोटात गेले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? शनिवार सोड म्हणून?

शेवटी त्याने पळवाट काढली. नवी डबी केली. बायकोला समोर बसवून तिच्या कानाला गोड लागेल तिथे आवाज आतूनच कायमचा बसवला. बाहेर धारेसाठी नॉब लावला, चांगला ठसठशीत, लोण्यासारखा फिरणारा. पण आत त्या नॉबला एकही तार जोडली नाही. फिरवा कितीही, आवाज जागचा हलायचा नाही.

"पोराच्या हातात खुळखुळा दिल्यासारखं करताय," बायको म्हणाली.

"मग तू सांग त्याला."

तिने टेबलावरचे तारांचे तुकडे गोळा केले.

लंब्या आला. डबी लावून वाजवायला बसला. नॉब उजवीकडे टोकापर्यंत नेला, वाजवलं. डावीकडे टोकापर्यंत नेला, पुन्हा वाजवलं. मग बराच वेळ तारांवर हात ठेवून बसला. मीटर पाठ करून पक्कड शोधत राहिला. पक्कड समोरच होती.

"जमलं," लंब्या म्हणाला.

पुढच्या शनिवारी मीटर मुद्दाम हॉलवर गेला. स्पीकरजवळची टेबलं भरलेली होती. ड्रमवाल्याने लांबूनच मान डोलावली. मालकही खूश दिसत होता. आणि लंब्या प्रत्येक गाण्याआधी आपली उंच पाठ वाकवून तो नॉब जरासा फिरवायचा, कान देऊन बघायचा, मग सुरू करायचा. ते बघवेना म्हणून मीटर मधेच उठून घरी आला. त्याच्या पुढच्या शनिवारी तो गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मात्र उठला आणि सरळ लंब्याच्या खोलीवर गेला. आज बोलायचंच.

लंब्या खाटेवर गिटार पुसत बसला होता. मीटरने खुर्ची ओढली, घसा साफ केला, तेवढ्यात लंब्याच बोलला.

"डावीकडे पूर्ण फिरवला तरी आवाज तसाच राहतो. एवढा बहिरा नाही झालो अजून."

मीटरच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बारीक आवाज गेले तरी मधले आणि जाड आवाज शाबूत होते, आणि नॉब खरा असता तर डावीकडे मधलेही दबले असते. शेंबड्या पोराला कळावं असं.

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीस?"

"मीटर खोटं दाखवायला लागलंय, म्हटलं गोष्ट मोठी असणार. मग मीही फिरवल्यासारखं करत राहिलो." लंब्या गिटारची एकच जागा पुसत राहिला. "काय म्हणतात हॉलमधे?"

मीटरने सांगितलं. सुई सांगितली, उठून जाणारी माणसं सांगितली, मालकाचंही सांगितलं. काही झाकलं नाही. लंब्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की घड्याळाचा गजर वाजत नाही म्हणून आपण सारखे सेल बदलत होतो. दुकानदाराशी भांडलोसुद्धा. दोघंही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

"हत्यारं आणलीस?"

"नाही."

"जा, घेऊन ये. ती तार जोड. फिरवायचं माझ्या हाताने. थांबायचं कुठे ते तू सांग."

मीटर घरी जाऊन पिशवी घेऊन आला. खिडकीपाशी बसून त्याने नॉबच्या तारा जोडल्या, डाग फुंकून गार केला, झाकण लावलं.

लंब्याने आधी नॉब उजवीकडे पूर्ण नेला आणि एक जुनी चाल वाजवली, सबंध. मीटरच्या दातांना कळ आली, पण त्याने कानावर हात नेला नाही. लंब्याचा चेहरा उजळला होता. चाल संपल्यावर त्याने मीटरकडे बघितलं. मीटरने पंजा उघडून वर धरला. लंब्या तारा छेडत नॉब हळूहळू डावीकडे आणू लागला, नजर त्या पंजावर. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत चाललं होतं, ते मीटरला दिसत होतं. योग्य जागी त्याने मूठ मिटली. लंब्या थांबला.

मग त्याने तीच चाल पुन्हा धरली. थोडं वाजवून मान खाली घातली, आणि सूर हाडातून तरी पोचावा म्हणून जबडा गिटारच्या लाकडावर टेकवला. बोटं कुठेही चुकली नाहीत. खोली गोड आवाजाने भरून गेली होती.

चाल संपेपर्यंत मीटरने मूठ उघडली नाही.