बोटांखाली झिजलेला चेहरा

संग्रहालयाच्या संचालक बाईंनी नोकरीत एकच हट्ट धरला होता. आठवड्यातला एक दिवस, ज्यांना दिसत नाही त्यांना मूर्ती हात लावून पाहू द्यायच्या. "कला काय फक्त डोळसांच्या बापाची आहे?" असं त्यांनी समितीला तोंडावर विचारलं, आणि समितीने मुकाट मान डोलावली.

वेतवाले आजोबा तो दिवस कधी चुकवत नसत. जन्मभर खुर्च्यांना वेत विणून त्यांची बोटं चामड्यासारखी झाली होती. यायचे ते एकाच मूर्तीसाठी. मऊ दगडातला स्त्रीचा चेहरा. त्यांची बायको मूर्तिकार. आरशात बघून तिने तो स्वतःचाच कोरला होता. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवत आजोबा पुटपुटायचे, "काय गं, आज रुसलीस का?"

"उत्तर देते का हो ती?" दारावरची पहारेकरीण चिडवायची.

"जिवंत असताना तरी कुठे देत होती!"

पण पाण्याने दगड झिजतो, तसा मायेनेही झिजतो. नाकाचा शेंडा गेला, ओठांची कड पुसट झाली. अशाने एक दिवस नुसता गोटा उरेल, हे बाईंना कळून चुकलं. मग पुढच्या पोराबाळांना दाखवायचं काय? त्यांनी काळजावर दगड ठेवला. मूर्ती काचेच्या पेटीत गेली आणि हात लावण्यासाठी तिची नक्कल बनवायला दिली. सगळ्या कर्मचाऱ्यांना त्यांनी बजावलं, "काच कुणासाठीही उघडायची नाही. मंत्री येवोत, नाहीतर माझा सख्खा भाऊ."

नक्कल करणाऱ्यांनी जीव ओतला. जुने फोटो पाहून झिजलेलं नाक भरलं, ओठ उठावदार केले. चेहरा पहिल्या दिवशीसारखा झाला. बाई खूश.

आजोबा आले. त्यांची बोटं कपाळावरून उतरली आणि नाकापाशी थबकली.

"ही कोण?"

"तुमच्याच घरच्या, आजोबा," बाई म्हणाल्या. "मूळ मूर्ती काचेत ठेवलीय, ही तिची नक्कल. अगदी नव्यासारखी केलीय."

"ही तर लग्नातली पोरगी हो. माझी म्हातारी झाली होती. माझ्या हाताखाली झाली." त्यांनी हात मागे घेतला. "बाई, एकदाच काच बाजूला करा. निरोप तरी घेतो."

पहारेकरणीचा हात आपसूक किल्लीकडे गेला. बाईंच्याही ओठांवर 'हो' आलं होतं. पण आज आपल्या माणसासाठी नियम वाकवला, तर उद्या मंत्र्याला कुठल्या तोंडाने अडवायचं?

"नाही आजोबा. नाही जमणार."

आजोबा म्हणाले, "बरोबर आहे. तिच्याच भल्यासाठी करताय. मग एवढं करा, तुम्ही बघा आणि मला सांगा. कशी दिसते आता?"

बाई त्यांना धरून काचेपाशी घेऊन गेल्या.

"कपाळ गुळगुळीत झालंय. डाव्या भुवईपाशी खळगा पडलाय."

"तिथे अंगठा टेकायचो मी. पुढे?"

"नाक जरा बसलंय."

"आणि ओठ? हसतेय का?"

बाई बघत राहिल्या. ते हसू तिने कोरलेलं होतं, की झिजून तसं वाटत होतं, त्यांना काही केल्या ठरवता येईना. आजोबा मान किंचित पुढे करून वाट बघत उभे होते.