लंगड्या बगळ्याची पाटी

मी पाटी बोलतेय. चीनमधल्या छ्वानचौ बंदराच्या मागच्या गल्लीत, कू पाओशानच्या तालमीच्या दारावर टांगलेली. कापराच्या झाडाचं लाकूड, म्हणून वाळवी माझ्या वाटेला गेली नाही. अंगावर कोरलंय, 'लंगडा बगळा तालीम'. मधोमध कुऱ्हाडीचा एक घाव आहे, तो मात्र सुताराचा नाही.

त्या सुताराचं पोट आमच्यावरच चालायचं. आमच्याकडे गल्लीगणिक तालीम, आणि प्रत्येकीचा मारण्याचा ढंग म्हणे निराळा. कोपर छातीशी ठेवायचं की बरगडीशी, यावरून दोन चेल्यांची जुंपते, एक जण थुंकून बाहेर पडतो, आणि वर्षाच्या आत सुताराकडे नव्या पाटीचं काम येतं. कुणी आजोबाचं आडनाव लावतो, कुणी कधी न पाहिलेल्या डोंगराचं, कुणी सरळ माकडाचं.

माझं नाव मासेवाल्या बायांनी ठेवलं. तालीम काढली ती वेंग वस्तादाने; तो बगळ्याचे हात शिकवायचा, म्हणजे बोटं चोचीसारखी जुळवून डोळ्यावर, गळ्यावर मारायचं. तरुणपणी धक्क्यावरच्या मारामारीत कुणीतरी वल्ह्याने त्याचा डावा गुडघा फोडला. तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा आणि बाया त्याला लंगडा बगळा म्हणायच्या.

"वस्ताद, जरा बरं नाव घाला की," सुतार म्हणाला.

"बाया ओरडतात तेच घाल. पत्ता तरी विचारावा लागणार नाही कुणाला."

माणूस असा तिरसट. पण पुढे जे झालं त्यात माझ्या नावाचा दोष नाही. पुढचे चेले परगावाहून आले. त्यांना वल्ह्याची गोष्ट ठाऊक नव्हती, आणि आमच्याकडे वस्तादाला 'का' विचारायची पद्धत नाही. तो करतो तसं करायचं; तो खोकला तर खोकायचं. वस्ताद उजवा पाय टाकून डावा ओढायचा, म्हणून वीस धडधाकट माणसं डावा पाय ओढायला लागली. सगळ्यांत झकास ओढायचा तो थोरला चेला, कू पाओशान. ती पावलं त्याने अशी घासूनपुसून घेतली, की बघणाऱ्याला त्यात काही गूढ आहे असंच वाटावं. वस्ताद बघायचा आणि गप्प बसायचा. पहिल्या दिवशी बोलला असता तर हसण्यावारी गेलं असतं.

खरं काय ते एकट्या छिंगमेईला माहीत होतं. वस्तादाची ही लेक रोज सकाळी त्याच्या गुडघ्याला गरम पाल्याचा लेप बांधायची. परसात एकटीच सराव करायची, दोन्ही गुडघे वाकवून.

मग उत्तरेकडून लेई आला. बैलासारखी मान, आणि कमरेला कुऱ्हाड. आमच्याकडे रीत आहे: आव्हान देणाऱ्याने वस्तादाला किंवा त्याच्या थोरल्या चेल्याला आडवं केलं, की तो तालमीची पाटी उतरवून दारातच तिचं सरपण करतो. पाटी एकदा जळाली, मग कुणाच्याही हातून, की पुढे ते नाव त्या गावात कुणालाच लावता येत नाही. लेईने त्या साली तीन पाट्या फोडल्या होत्या.

गल्ली माणसांनी भरली. पाओशान पाठीवरची लांब वेणी, आमच्याकडे पुरुषही ठेवतात ती, मानेभोवती गुंडाळत होता. माझ्याखालीच छिंगमेईने बापाची बाही धरली.

"बाबा, पाओशानदादाला आत्ता तरी सांगा. तो पाय मागे ओढेल आणि हा राक्षस तोच तोडेल."

"एवढ्या लोकांत सांगू? की पंधरा वर्षं मी यांना माझं दुखणं शिकवलं?"

"मग मी सांगते."

"बाप जिवंत असताना तू तोंड उघडायचं नाहीस."

आणि ती गप्प बसली. ते मी दोघांनाही माफ केलेलं नाही.

पाओशान चपळ होता. पहिल्या झटक्यातच त्याची बोटं लेईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात गेली आणि रक्ताची धार लागली. मग तो पुढे सरकला, आणि डावा पाय ताठ, मागे राहिला. लेईने एकदा ते नुसतं पाहिलं. दुसऱ्यांदा त्याने टाच घातली, गुडघ्याच्या बाजूने. लाकूड मोडल्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. हा तसाच होता, फक्त ओला. पाओशान कोसळला. लेईने वेणी धरून त्याचं तोंड उंबऱ्यावर दोनदा आपटलं. दगडावर दात सांडले.

मग त्याने मला उपसून काढलं, पायरीवर टेकवलं आणि घाव घातला. मी अर्धी चिरले. दुसरा घाव आलाच नाही. छिंगमेईने त्याचं मनगट धरून कोपराच्या तडाख्याने मोडलं होतं. त्याने डोकं मारून तिचं नाक फोडलं. ती मागे हटली नाही, दोन्ही गुडघ्यांत वाकून खाली गेली आणि खालून वर त्याच्या गळ्यात चोच मारली. तो पडला तरी ती मारत राहिली, माझ्यावर शिंतोडे उडेपर्यंत. चौघांनी मिळून तिला ओढून काढलं. लेईला होडीत घालून नेलं. तो पुन्हा बोलू शकला की नाही, ठाऊक नाही.

वस्तादाने पाओशानचं डोकं मांडीवर घेतलं.

"पाओशान, तो डाव नव्हता रे. माझा पाय मोडलेला होता."

पाओशानने रक्त थुंकलं. "हे आता सांगू नका, वस्ताद."

"खरं आहे ते."

"असेल. मग माझा पाय कशापायी गेला?"

वस्तादाने बाहीने त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. त्याच हिवाळ्यात तो गेला.

आता दोन तालमी आहेत. छिंगमेईची कालव्यापलीकडे, लोक तिला बाईचा बगळा म्हणतात. तिने पाटी लावलेली नाही. मला तिने पाओशानकडे पाठवून दिलं. त्याने मला पट्ट्या मारून जोडलं, दारावर चढवलं आणि माझ्याखाली चाळीस जणांना डावा पाय ओढायला शिकवलं. त्याला सगळं माहीत असून.

गेल्या महिन्यात वस्तादाच्या पुण्यतिथीला ती रताळ्याची पेज घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आत ये ना," पाओशान म्हणाला.

"आतल्या पोरांना खरं सांग, मग येते."

"सांगितलं तर माझ्यापाशी काय उरेल गं?"

तिने पेजेचं भांडं पायरीवर ठेवलं आणि ती निघून गेली.

परवा धक्क्यावर उत्तरेकडचे दोघे उतरलेत, तालमींची चौकशी करताहेत. माझं ऐका. ते यायच्या आत कुणीतरी मला खाली उतरवा आणि चुलीत घाला. सुकं लाकूड आहे, चटकन पेटेन. मग हे नाव या गावात कुणाला लावता येणार नाही, आणि आतल्या चाळीस जणांना दोन्ही पायांवर उभं राहावं लागेल.