नाणं पडलं त्या बाजूने

आमच्या गावचा कारभारी, कपितान बाल्दोमेरो, म्हणजे गोड बोलून गळा कापणारा. वादळाने किनाऱ्यावरची घरं नेली, आम्ही पत्रे ठोकून पुन्हा उभी केली, तर हा म्हणतो, डोंगरावरच्या सरकारी घरांत चला. डोंगरावर काय झाडाला मासे लागतात? आम्ही आरडाओरडा केला.

"भांडण कशाला?" तो म्हणाला. "रीतसर वाद घालू. शाळेतली पोरं दोन्ही बाजू मांडतील."

सभेच्या दिवशी नियमही त्यानेच वाचले. बाजू नाणं उडवून ठरणार. ज्याची पाळी त्यानेच बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. शेवटी लोकांनी हात वर करायचे, पण बाजू बघून नाही, जो चांगला बोलला त्याच्यासाठी. "आपलं मत घरी ठेवून या," कपितान हसत म्हणाला. आम्हाला ते पटलं. कोंबड्यांच्या झुंजीत आपला कोंबडा पडला तर पडला म्हणायची आमची रीत आहे.

नाणं पडलं आणि माझ्या लेकीच्या, रोवेनाच्या वाट्याला आलं, किनारा सोडावा.

"पोरी, मुद्दाम हर गं," शेजारची मिलाग्रोस तिच्या कानाशी लागली.

"मग वाद कशाला घालायचा, मावशी?" रोवेना म्हणाली. बापावर गेलीय कार्टी. खेळायचं तर नीट खेळायचं.

आमची बाजू मास्तरांच्या नेस्तोरला मिळाली. त्याने पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. होडीला कधी हात लावला असेल तर ना! मग रोवेना उठली. वारा, पाणी, भरतीची उंची, सगळं शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाली, "पाणी घरात शिरलं तेव्हा माझा भाऊ जुनरे आईच्या कडेवर होता. आई खूप धट्टीकट्टी आहे. तरी तो तिच्या हातातून सुटला."

मी उठायला गेले, तर मिलाग्रोसने मला खाली ओढलं. "मध्ये बोलायचं नाही, चारिंग." मी बसले.

हात वर करायची वेळ आली. मिलाग्रोसचा गेला, सगळ्या कोळ्यांचे गेले, माझाही गेला. पोर चांगली बोलली होती, खोटं कशाला बोलू?

कपितानने टाळ्या वाजवल्या. "किनाऱ्यावरच्या लोकांनी स्वतःच ठरवलं. सरकारला तसं कळवतो."

"अरे मेल्या, हात पोरीसाठी वर केला, डोंगरासाठी नाही!"

"वाद संपला, चारिंगताई. नियम सगळ्यांना सारखे."

घरी जाताना मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रोवेना खाली मान घालून चालत होती. मला वाटलं, पोर खजील झाली.

"तुझा काय दोष गं," मी म्हटलं. "नाणं तसं पडलं, तुला तसं बोलावं लागलं."

"जुनरेचं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आई." ती थांबली. "लाट वाजली की मी उठून बसते. रोज. तू झोपलेली असतेस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला कधी बोलू दिलंस?"

पुढच्या आठवड्यात आम्ही डोंगरावर गेलो. कपितानशी पुन्हा भांडायला मी गेलेच नाही. कुणाच्या जोरावर जाणार? माझ्या बाजूने बोलायला माझ्या घरातच कुणी नव्हतं.